थेंब पडताना: १८५ मिलिसेकंदांच्या नोंदी

कोथरूड, पुणे

७ जुलै २०२४, रविवार

सकाळपासून संततधार. गॅलरीच्या पत्र्यावरून पागोळ्या गळत होत्या आणि खाली ठेवलेल्या परातीत थेंब पडत होते. भाची सातवीत आहे. परातीसमोर बराच वेळ उकिडवी बसून राहिली आणि मग म्हणाली, "मावशी, पुस्तकात थेंब पडला की पाण्याचा मुकुट उठलेला दाखवलाय. मला नुसतं पाणी उडालेलं दिसतं. मुकुट असतो कधी?"

मी मोबाइलवर स्लो मोशन लावून दाखवलं. सेकंदाला २४० फ्रेम, म्हणजे दोन फ्रेममध्ये ४.१७ मिलिसेकंदांचं अंतर. ४० सेंटिमीटरवरून सुटलेला थेंब पाण्याला टेकतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला २.८ मीटर असतो. एका फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेमपर्यंत तो जवळजवळ १२ मिलिमीटर जातो. एका फ्रेममध्ये थेंब हवेत, पुढच्या फ्रेममध्ये पाण्यात. टेकतो तो क्षण मधल्या मध्ये गळाला. त्यानंतरच्या चारपाच फ्रेममध्ये काहीतरी वर उठलेलं दिसतं, पण अंधूक आणि रवाळ.

तेव्हा ठरवलं, हा मुकुट पकडायचा. घरात जुना डीएसएलआर आहे. युक्ती काही माझी नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या हॅरॉल्ड एजर्टन यांनी दुधाच्या थेंबाचा प्रसिद्ध फोटो १९५७ साली काढला तो असाच, फ्लॅशच्या जोरावर. खोलीत मिट्ट अंधार करायचा, कॅमेऱ्याचं शटर दोन सेकंद उघडं ठेवायचं, थेंब सोडायचा आणि नेमक्या वेळी फ्लॅश उडवायचा. उजेड असतो तेवढाच वेळ फोटो निघतो. शटर किती वेगवान आहे याला इथे काही अर्थ नाही.

"नेमक्या वेळी" हे दोन शब्द लिहायला सोपे होते. पुढचे पाच आठवडे त्यातच गेले.

कागदावरचा हिशोब: थेंब सोडायच्या नळीच्या टोकापासून ५ सेंमी खाली थेंब ओळखणारा सेन्सर, ४० सेंमी खाली पाणी. थेंबाला सेन्सरपर्यंत १०१ मिलिसेकंद लागतात, पाण्यापर्यंत २८६. म्हणजे सेन्सरने थेंब पाहिल्यावर १८५ मिलिसेकंद थांबायचं आणि मग फ्लॅश.

१० जुलै, बुधवार

ऑफिसातून लवकर निघाले. बुधवार असल्याने आधी जुना बाजार. एका पथारीवर चार जुने फ्लॅश होते. त्यातला पुढच्या बाजूला छोटा काचेचा डोळा असलेला आणि "ऑटो" लिहिलेला घेतला, ३५० रुपये. चार सेल घालून तिथेच उडवून पाहिला. हा डोळा पुढे इतका कामाला येईल हे तेव्हा माहीत नव्हतं, केवळ चालू आहे म्हणून घेतला.

मग बुधवार पेठेत तपकीर गल्ली. आर्डुइनो उनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाची कॉपी ४८०, ब्रेडबोर्ड आणि जम्पर वायर १४०, रिले मॉड्यूल (विजेवर चालणारा स्विच) ७०, दोन एलडीआर (उजेड ओळखणारे सेन्सर) १०, रेझिस्टरची पुडी २०. पाऊस होता. पिशवी दोनदा प्लास्टिकमध्ये गुंडाळली तरी ब्रेडबोर्ड ओला झाला. घरी येऊन तांदळाच्या डब्यात ठेवला.

११ जुलै, गुरुवार

गुरुवार, नळाला पाणी नाही. प्रयोगाला बादलीतलं पाणी वापरायची आईने अर्ध्या तांब्यापुरती परवानगी दिली.

एलडीआरवर टॉर्चचा झोत पाडला आणि मधून डोळ्यांत औषध घालायच्या ड्रॉपरने थेंब सोडले. तीस थेंबांपैकी एकही पकडला गेला नाही. बोट आडवं घातलं की पकडतो, थेंबाला नाही. दीड तास प्रोग्राम तपासत बसले. दोष प्रोग्रामचा नव्हताच. उजेड कमी-जास्त झाल्याचं एलडीआरला कळायलाच काही दशक मिलिसेकंद लागतात. ५ सेंमी पडलेला साडेचार मिलिमीटरचा थेंब त्याच्यासमोर असतो फक्त साडेचार मिलिसेकंद. एलडीआरला जाग येईपर्यंत थेंब निघून गेलेला असतो.

कुणी हे करणार असेल तर एलडीआर घेऊच नका. दहा रुपये गेले त्याचं काही नाही, संध्याकाळ गेली.

१४ जुलै, रविवार

एलडीआरच्या जागी इन्फ्रारेड एलईडी आणि समोर त्याचा उजेड ओळखणारा फोटोट्रान्झिस्टर. जोडी २५ रुपयांना. याला जागं व्हायला मायक्रोसेकंद पुरतात. लगेच थेंब पकडायला लागला, आणि थेंब नसतानाही पकडायला लागला. वही काढून वेळा लिहिल्या. खोट्या नोंदी बरोबर दहा-दहा मिलिसेकंदांच्या अंतराने येत होत्या. दहा मिलिसेकंद म्हणजे सेकंदाला शंभर. वर ट्यूबलाइट चालू होती. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा प्रत्येक फेऱ्यात दोनदा मंदावतो, डोळ्याला कळत नाही, फोटोट्रान्झिस्टरला कळतं. ट्यूब बंद केली, नोंदी थांबल्या. काळ्या स्केचपेनच्या टोपणाचं बूड कापून नळकांडं केलं आणि फोटोट्रान्झिस्टरवर बसवलं. आता दिवा चालू असला तरी चालतं.

दुसरी अडचण थेंबाची. ड्रॉपरचा प्रत्येक थेंब वेगळ्या आकाराचा आणि दाबताना हात हलतो. वॉशिंग मशीनमध्ये पाणी सोडणारा व्हॉल्व्ह ३०० रुपयांना आणला होता. तो उघडतो, पण त्यातून पाणीच येत नाही. त्याला नळाचा दाब लागतो. ४० सेंमी उंचीवर टांगलेल्या बाटलीचा दाब त्याच्या खिजगणतीतही नाही. ३०० रुपये वाया.

उपाय शेवटी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात मिळाला: सलाइनचा सेट, ६५ रुपये. पाकिटावरच लिहिलेलं असतं, १ मिलिलिटरला २० थेंब. म्हणजे एक थेंब ५० मायक्रोलिटर, व्यास सुमारे ४.६ मिलिमीटर. प्रत्येक वेळी तोच. थेंब जिथे पडताना दिसतो तो प्लास्टिकचा कप्पा ब्लेडने कापला आणि आतलं टोक उघडं केलं. चाकाने वेग कमी-जास्त करता येतो. रुग्णाच्या नसेत औषध मोजून सोडायला बनवलेली वस्तू आहे ही, माझ्या कुठल्याही जुगाडापेक्षा अचूक असणारच. लहान मुलांचा सेटही मिळतो, त्यात १ मिलिलिटरला ६० थेंब. तोही आणून ठेवला.

१७ जुलै, बुधवार

आषाढी एकादशी, सुट्टी. सकाळी साबुदाण्याची खिचडी खाऊन बसले ती रात्री साडेनऊला उठले.

पहिला घोळ. अर्धे थेंब सुटत होते. सेन्सरचं वाचन दिसावं म्हणून मी प्रत्येक फेरीत ते कॉम्प्युटरच्या पडद्यावर छापत होते, ९६०० बॉडने. या वेगाने एक अक्षर जायला एक मिलिसेकंदाहून थोडा जास्तच वेळ लागतो. सुरुवातीला आर्डुइनो अक्षरं साठवून ठेवतो, साठा भरला की मात्र छपाई होईपर्यंत थांबून राहतो. सातआठ अक्षरं म्हणजे सातआठ मिलिसेकंद, आणि थेंब समोर असतो साडेचार. छापणं बंद केलं. सेन्सरची तार २ नंबरच्या पिनला जोडून इंटरप्ट लावला, म्हणजे बाकी काहीही चालू असलं तरी थेंब आला की आधी त्याची वेळ टिपली जाते. फ्लॅश उडून गेल्यावर काय छापायचं ते छापायचं.

दुसरा घोळ, यात अडीच तास गेले. १८५ मिलिसेकंद थांबण्यासाठी मी "डिले मायक्रोसेकंद"मध्ये १,८५,००० लिहिलं. फ्लॅश उडतो, परातीत काही नाही, पाणी शांत. वेळ वाढवून पाहिली, कमी करून पाहिली. कधी लवकर, कधी उशिरा, कशाचा कशाला मेळ नाही. शेवटी कॅमेरा मागे घेऊन सगळा सांगाडा फोटोत घेतला. थेंब सेन्सरच्या जेमतेम अर्धा सेंटिमीटर खाली लटकलेला! १८५ ऐवजी पावणेपाच मिलिसेकंदांतच फ्लॅश उडत होता. उनोवर त्या फंक्शनला ६५,५३५ पेक्षा मोठी संख्या घेताच येत नाही. जास्तीचं कापून टाकतं आणि उरलेल्यावर काम करतं. भरवशाचं तर ते १६,३८३ पर्यंतच आहे. प्रोग्राम कुठेही तक्रार करत नाही.

उपाय: थांबायचं नाही, घड्याळ बघत राहायचं. इंटरप्टमध्ये "मायक्रोज" या आर्डुइनोच्या घड्याळाची वेळ टिपायची आणि फरक १,८५,००० होईपर्यंत पुन्हा पुन्हा तीच विचारत राहायची. हे घड्याळ ४ मायक्रोसेकंदांच्या पावलांनी चालतं. मला तेवढं भरपूर आहे.

थेंबाचा तो चुकलेला फोटो मी ठेवलाय. हवेतला थेंब चित्रातल्यासारखा शेपटीवाला नसतो, दिसला तसा गोल, किंचित दबलेला. भाचीने तो पाहूनच उडी मारली.

१८ जुलै, गुरुवार

आता फ्लॅश १८५ ला उडतो, पण दर वेळी फोटो वेगळा. कधी थेंब पाण्याच्या वर, कधी मुकुट मोडलेला. वीस वेळा रिलेला हुकूम देऊन त्याचे संपर्क किती वेळाने जुळतात ते दुसऱ्या पिनवर मोजलं. सर्वांत कमी ६.८ मिलिसेकंद, सर्वांत जास्त ९.१. फरक २.३ मिलिसेकंद, म्हणजे थेंबाच्या भाषेत साडेसहा मिलिमीटर. रिलेत खरोखरच लोखंडाची पट्टी हलते, टकटक ऐकू येते. ती रोज एकाच वेगाने कशी हलेल?

रिले काढून ४एन३५ ऑप्टोकपलर, म्हणजे उजेडाने चालणारा स्विच, लावला. आत एक एलईडी आणि एक ट्रान्झिस्टर, हलणारं काही नाही. एकदा फ्लॅश उडाला आणि मग कधीच नाही. ऑप्टोकपलर मेला.

फ्लॅशच्या बुडाच्या दोन टोकांवर मल्टिमीटर लावला तेव्हा कारण कळलं: २१० व्होल्ट. ४एन३५ फक्त ३० व्होल्ट सोसतो. हे मोजणं फ्लॅश घरी आणल्याच्या दिवशीच करायला हवं होतं. जुन्या फ्लॅशमध्ये एवढा दाब असतो. असा फ्लॅश आजच्या कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवला तर कॅमेरा जाईल. माझा फ्लॅश कॅमेऱ्याला जोडलेलाच नाही, म्हणून वाचले. आणि फ्लॅश उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये सेल काढल्यावरही तीनएकशे व्होल्ट राहू शकतात.

२१ जुलै, रविवार

काल तपकीर गल्लीत एमओसी ३०२१ हा ऑप्टोकपलर मागितला, तो ४०० व्होल्टचा असतो. दुकानदाराकडे नव्हता. त्याने "सेमच आहे" म्हणून एमओसी ३०४१ दिला, तोही ४०० व्होल्टचा. आज लावला. फ्लॅश एकदाही उडाला नाही. तार बदलली, पिन बदलली, रेझिस्टर बदलला. चार तास. मग माहितीपत्रक वाचलं. ३०४१ हा एसी, म्हणजे घरातल्या सॉकेटच्या विजेसाठी आहे आणि विजेचा दाब शून्याजवळ आला की मगच चालू होतो, साधारण २० व्होल्टच्या वर असेल तर अडून बसतो. माझ्या फ्लॅशवर २१० व्होल्ट कायमचेच. तो कधीही चालू होणार नव्हता. एका आकड्याचा फरक.

संध्याकाळी दुसऱ्या दुकानातून ३०२१ मिळाला, ३० रुपये. त्याच्या एलईडीला १५ मिलिअँपिअर लागतात. २२० ओहमचा रेझिस्टर लावला की १७ जातात. लावला आणि पहिल्याच फटक्यात उडाला. वीसच्या वीस वेळा एकाच जागी.

पण फोटो धुरकट. थेंब पाहिजे त्या जागी आहे, पण उभा पसरलेला, दोऱ्यासारखा.

२५ जुलै, गुरुवार

रात्रभर धो धो. मुठेला पूर, सिंहगड रस्त्यावर सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं, शाळा बंद. ऑफिसातली एक जण तिथे राहते. तिच्या आईवडिलांना घरी घेऊन आलो. काम नाही.

२८ जुलै, रविवार

धुरकट का, याचा निकाल लावला. फ्लॅशचा उजेड किती वेळ टिकतो ते मोजायचं होतं. ऑसिलोस्कोप नाही. घरात ड्रिल मशीन आहे आणि जुन्या सीडी आहेत. सीडीला काळा कागद डकवला, कडेला बारीक पांढरी रेघ ओढली आणि नट-बोल्ट लावून ती ड्रिलला बसवली. फिरण्याचा वेग आधी माझ्याच सेन्सरने मोजला: एक फेरा २२.१ मिलिसेकंदांत. सीडीची त्रिज्या ६ सेंमी, म्हणजे कडेचा वेग सेकंदाला १७ मीटर. अंधारात फ्लॅश उडवून फोटो काढला. रेघ १९ मिलिमीटर पसरलेली. म्हणजे फ्लॅश १.१ मिलिसेकंद पेटून होता. तेवढ्यात पाण्याजवळचा थेंब ३ मिलिमीटर खाली येतो. दोरा होणारच.

ज्यांच्याकडे नवीन फ्लॅश असेल त्यांनी त्याची ताकद सर्वांत कमी करावी. ताकद कमी म्हणजे उजेड मंद होतो असं मला वाटायचं. तसं नसतं. उजेड तेवढाच प्रखर असतो, फक्त लवकर तोडला जातो. माझ्या जुन्या फ्लॅशला ताकदीचं बटण नाही, पण तो काचेचा डोळा आहे. समोरून परत येणारा उजेड तो मोजतो आणि पुरेसा झाला की फ्लॅश तोडतो. मग त्याला लगेच पुरेसा वाटेल असं केलं: पांढऱ्या कार्डाची पट्टी वाकवून फ्लॅशच्या तोंडाच्या कडेला चिकटवली, म्हणजे थोडा उजेड थेट डोळ्यात परत जातो. पुन्हा सीडी, पुन्हा फोटो. आता रेघ जेमतेम एक मिलिमीटर पसरली. साठ मायक्रोसेकंदांच्या आसपास. थेंब तेवढ्यात ०.१७ मिलिमीटर हलतो. डोळ्याला दिसणार नाही.

या पूर्ण कामात मला सर्वांत जास्त आनंद याच फोटोने दिला. नुसती काळ्यावर पांढरी रेघ आहे ती. पण ४५ रुपयांच्या कार्डाच्या गठ्ठ्यातली एक पट्टी लावून उजेडाचं आयुष्य अठरापट कमी झालं, आणि ते मी घरात मोजलं.

उजेड कमी पडू लागला म्हणून फ्लॅश परातीपासून २० सेंमीवर आणला, मध्ये बटर पेपर. आयएसओ ८००, अ‍ॅपर्चर एफ ८. फोकससाठी थेंब पडतो त्या जागी एक लांब स्क्रू उभा करून हाताने फोकस लावायचा आणि मग लेन्सला हात लावायचा नाही.

१ ऑगस्ट, गुरुवार

आता राहिलेली गडबड थेंबाच्या बाजूची. पंचवीस फोटोंतले सहासात अजून चुकत होते.

एक कारण चटकन सापडलं. थेंब सुटताना त्याच्यामागे पाण्याची मान ताणली जाते, ती तुटते आणि त्यातून एक इवलासा थेंब मागून येतो. सेन्सर त्यालाही मोजायचा. एकदा थेंब पकडला की पुढचा एक सेकंद सेन्सरकडे बघायचंच नाही, असं प्रोग्राममध्ये घातलं.

दुसरं कारण: छताचा पंखा. दुसऱ्या खोलीतलासुद्धा. तो लावला की थेंब तिरका जातो. कामाच्या वेळी पूर्ण घरातले पंखे बंद. आईने हे महिनाभर सहन केलं.

तिसरं: बाटली रिकामी होत जाते तसा दाब कमी होतो, थेंबांचा वेग मंदावतो आणि मध्येच बुडबुडा आला की दोन थेंब जोडून येतात. बाटलीचं तोंड एम-सीलने बंद केलं आणि झाकणातून एक स्ट्रॉ तळाजवळपर्यंत सोडली. हवा फक्त त्या स्ट्रॉमधून आत येते, म्हणून पाणी कितीही उरलेलं असो, दाब स्ट्रॉच्या खालच्या टोकापासूनच धरला जातो आणि एकसारखा राहतो. सतराव्या शतकातल्या मारिऑत नावाच्या फ्रेंच माणसाची ही युक्ती. आता बाटली पाऊण रिकामी होईपर्यंत थेंबांची लय बदलत नाही.

४ ऑगस्ट, रविवार

मुकुट मिळाला.

थाळीत ३ मिलिमीटर खोल पाणी, त्यात दूध निम्मंनिम्म. टेकण्याचा क्षण कागदावर १८५ होता, प्रत्यक्षात १८७. हवा अडवते ते दोन मिलिसेकंद. मग एकेका मिलिसेकंदाने पुढे सरकत गेलो. भाची आकडा सांगणार, मी बदलणार, ती शटर दाबणार, मी चाक सोडणार. प्रत्येक आकड्याला तीन थेंब.

१८७: थेंब गोल, तळाशी पाण्याला चिकटलेला, वरचा भाग अजून जसाच्या तसा. वरच्या टोकाला खालची खबर पोचलेलीच नाही.
१८८: थेंबाच्या बुडाभोवती पातळ पत्रा बाहेर फेकला गेलाय, आडवा.
१९०: थेंब दिसेनासा. पत्रा उभा राहून भिंत झालेली. कड गुळगुळीत.
१९३: कडेला गाठी. अंतरं जवळजवळ सारखी.
१९६: प्रत्येक गाठीतून एक बोट वर आलेलं, टोकाला मणी.
१९९: सर्वांत उंच. मणी सुटायला लागलेत. एकवीस मोजले.
२०५: भिंत खाली बसतेय, सुटलेले मणी अजून हवेत वर जातायत.
२१२: मुकुट नाही. ओबडधोबड खळगा.

१८७ पासून २१२ पर्यंत पंचवीस मिलिसेकंद. डोळ्याचं पातं लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. भाचीला पहिल्या दिवशी पत्र्याखाली दिसलं नाही ते याचमुळे. ती १९९ चा फोटो मोठा करून मणी पुन्हा पुन्हा मोजत बसली.

११ ऑगस्ट, रविवार

आईला फोटो क्रमाने दाखवले. तिने विचारलं, "हे सगळं मिळून किती वेळ?" मी मिलिसेकंद सांगितले. ती म्हणाली, "मला पळांत सांग."

मग बसून केलं. घटका २४ मिनिटांची, तिचे ६० पळ, म्हणजे पळ २४ सेकंदांचा. पळाची ६० विपळं, विपळ ०.४ सेकंदाचं. विपळाचीही ६० प्रतिविपळं, एक प्रतिविपळ ६.६७ मिलिसेकंदांचं. मुकुटाचा जन्म ते मोड म्हणजे पावणेचार प्रतिविपळं. हा शब्द मी आजवर वापरलाच नव्हता. तो माझ्या मापाला इतका चपखल बसेल असं वाटलं नव्हतं. आईने तिच्या आजोळचं घटिकापात्र सांगितलं: तळाला भोक पाडलेली तांब्याची वाटी, घंगाळातल्या पाण्यात तरंगत सोडलेली, लग्नाच्या मुहूर्ताला एक माणूस तिच्यावर नजर ठेवून बसलेला. वाटी भरून बुडाली की घटका भरली. "तुझंही तेच की," ती म्हणाली, "भोक, पाणी आणि नजर ठेवणारं कुणीतरी."

भाचीने वेगळाच हिशोब काढला. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला आम्ही नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या रेडिओ दुर्बिणी पाहायला गेलो होतो, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. तिथे तिने पल्सार, म्हणजे स्वतःभोवती वेगाने फिरणारा तारा, हा शब्द ऐकला होता. १९८२ साली सापडलेला पहिला मिलिसेकंद पल्सार स्वतःभोवती सेकंदाला सुमारे ६४२ फेरे घेतो, एक फेरा १.५६ मिलिसेकंदांत. तो शोधणाऱ्या गटात कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी होते, तेव्हा ते विद्यार्थी होते. भाचीने वहीत लिहिलं: "थेंब सेन्सरपासून पाण्यापर्यंत येतो तोवर तारा १२० वेळा फिरतो. मुकुट असतो तोवर १६ वेळा." मी आकडे तपासले. बरोबर आहेत.

दुपारी खोल भांडं घेतलं, ८ सेंमी पाणी. इथे मुकुट बुटका निघतो, पण नंतर खळग्याच्या तळातून खांब वर येतो. २३० ला खळगा सर्वांत खोल, २४५ ला मधोमध टोक, २७५ ला खांब बोटभर उंच आणि त्याच्या डोक्यावर सुटू पाहणारा थेंब. इथे एकेका मिलिसेकंदाने सरकायची गरज नाही, पाच-पाचने पुरतं. मुकुटाच्या मानाने खांब सावकाश आहे.

दूध घातलेलं पाणी दोन तासांत आंबूस होतं आणि परातीभोवती मुंग्या येतात. काम झालं की लगेच टाकून भांडी धुवा. लेन्सवर एक साधा काचेचा तुकडा धरा. माझ्या लेन्सवर दुधाचे सतरा डाग होते.

१५ ऑगस्ट, गुरुवार

खर्च: आर्डुइनो ४८०, फ्लॅश ३५०, वायर-बोर्ड १४०, सलाइनचे दोन सेट १३०, इन्फ्रारेड जोडी २५, एमओसी ३०२१ ला ३०, रेझिस्टर २०, कार्ड ४५, एम-सील ३०, सेल १६०. कामी आले ते १,४१० रुपये. वाया गेले: व्हॉल्व्ह ३००, रिले ७०, ४एन३५ ला २०, ३०४१ ला ३०, एलडीआर १०. एकूण ४३०. वेळ साधारण पंचावन्न तास. त्यातले बरेचसे चार चुकांत गेले: एलडीआर, १,८५,०००, न मोजलेले २१० व्होल्ट आणि ३०४१.

आता पुढचं. खांब वर आलेला असताना त्याच्या डोक्यावर दुसरा थेंब पडला तर छत्री होते. त्यासाठी दोन थेंब ९० मिलिसेकंदांच्या आसपास अंतराने सुटायला हवेत. सलाइनचं चाक तेवढं बारीक फिरत नाही, आणि मी सेन्सर एक सेकंद बंद ठेवते तेही बदलावं लागेल. कमी दाबावर चालणारा व्हॉल्व्ह शोधतेय. वॉशिंग मशीनचा नको, तो माझ्याकडे आहे.

भाची सकाळी झेंडावंदनाहून आली ती भिजूनच. गॅलरीत परात अजून तिथेच आहे. ती तिच्यासमोर उकिडवी बसली आणि दर थेंबाला पुटपुटत होती: "एकशे सत्त्याऐंशी. एकशे नव्व्याण्णव. दोनशे बारा."